तार दिसत नाही, खांब दिसतो

या भाषणाचा विषय मी कळवला तेव्हा पलीकडून फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मी कवितेवर बोलेन, फार तर उर्दू आणि मराठीच्या शेजारधर्मावर बोलेन, असं त्यांना वाटलं असणार. मी म्हणालो, "लहान विमानं आणि विजेच्या तारा." मग त्या बाई हळूच म्हणाल्या, "सर, तुमचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. माझे वडील, म्हणजे आमचे अब्बा, वीज खात्यात वायरमन होते. लातूर जिल्ह्यातली कितीतरी गावं त्यांनी सायकलवर पालथी घातली. आज त्यांचं वय ब्याऐंशी आहे. आणि माझ्या धाकट्या भावाचा मुलगा विमान चालवायला शिकतो आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले निम्म्याहून जास्त त्याचे झाले आहेत. एकाच घरात आजोबांनी आयुष्यभर तारा ओढल्या आणि नातवाला त्या चुकवायच्या आहेत. मी मधल्या पिढीचा. बी.ए. झालो, कविता लिहिल्या, खांबावरही चढलो नाही आणि आभाळातही गेलो नाही. पण या दोघांचं बोलणं ऐकत बसणं माझ्या वाट्याला आलं, आणि त्यातून जे कळलं ते आज तुम्हांला सांगावंसं वाटतं.

आमच्या भागातल्या लोकांना हा विषय एकदा अगदी जवळून कळला आहे. २५ मे २०१७. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस निलंग्याला आले होते. परतीसाठी त्यांचं हेलिकॉप्टर उडालं, थोडं वर गेलं, पुन्हा खाली येऊ लागलं, विजेच्या तारांना अडकलं आणि वस्तीतच कोसळलं. आतले सगळे जण वाचले. त्या दिवशी लातुरात चहाच्या प्रत्येक टपरीवर एकच चर्चा. कुणी म्हणे घातपात, कुणी म्हणे नशीब. अब्बा टीव्हीसमोर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मे महिना आहे. हवा पातळ झालेली असते. आणि तारा कुठं नाहीत?"

त्यांचं पहिलं वाक्य विमानविद्येतलं आहे हे मला नंतर पुतण्यानं सांगितलं. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवा विमानाच्या पंखांना किंवा हेलिकॉप्टरच्या पात्यांना कमी आधार देते. त्यामुळं वर चढायला जास्त ताकद आणि जास्त जागा लागते. जानेवारीत जे यंत्र झपकन वर जातं, तेच मेमध्ये रेंगाळतं. आणि त्याच उन्हानं तारही तापते, लांबते, दोन खांबांच्या मध्ये आणखी खाली लोंबते. अब्बा याला 'झोळ' म्हणतात.

आणि त्यांचं दुसरं वाक्य, "तारा कुठं नाहीत?" मोठी प्रवासी विमानं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात. त्यांना तारांचं भय नाही. एक-दोन इंजिनांच्या लहान विमानांना मात्र ते तीन प्रसंगी असतं. पहिला, उडताना आणि उतरताना, कारण तेव्हा सगळ्यांनाच जमिनीजवळ यावं लागतं. दुसरा, काम खालच्या उंचीवरचंच असतं तेव्हा, म्हणजे पिकांवर फवारणी, पाहणी, पूरग्रस्तांना मदत. आणि तिसरा, काहीतरी बिघडतं तेव्हा. इंजिन बंद पडतं किंवा धुकं खाली उतरतं आणि वैमानिकाला जिथं जागा दिसेल तिथं यावं लागतं. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात असंच उतरलं होतं. चालवणारी मुलगी अवघ्या बावीस वर्षांची, थोडक्यात बचावली. त्या दिवसापासून माझी भावजय शेत बघितलं की आधी त्याच्या चार कडा बघते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

आता एक साधा प्रश्न. दिवसाढवळ्या, डोळे उघडे ठेवून बसलेल्या माणसाला तार दिसत का नाही?

अब्बांच्या खात्यात तारांना प्राण्यांची नावं आहेत. गावात येणाऱ्या बारक्या तारेला विझल किंवा रॅबिट म्हणायचं, त्याहून जाड ती डॉग, मग पँथर, झेब्रा आणि मोठ्या मनोऱ्यांवरची मूस. लहानपणी अब्बा जेवताना सांगायचे, "आज दिवसभर रॅबिट ओढला," आणि मला वाटायचं, ते कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयात नोकरीला आहेत. यातली सगळ्यांत जाड मूस, तिची जाडी सुमारे ३२ मिलिमीटर. तुमच्या अंगठ्याहून थोडी जास्त. रॅबिट तर जेमतेम १० मिलिमीटर, करंगळीएवढीसुद्धा नाही.

निरोगी डोळ्याची जी सर्वसाधारण क्षमता डॉक्टर मानतात, तिचा हिशेब केला तर ३ सेंटिमीटर रुंदीची वस्तू साधारण १०० मीटरवरून स्पष्ट ओळखता येते. मोकळ्या, पांढुरक्या आभाळावर काळी रेघ याहून दूरवरूनही दिसते, हे खरं. पण विमानातून बघताना तारेच्या मागं बहुधा आभाळ नसतं. नांगरलेलं रान असतं, झाडी असते, डोंगराची उतरण असते. नवी तार चकचकीत असते, पण पाऊस-उन्हात ती काळवंडते आणि रानाच्या रंगात मिसळून जाते. लहान विमान ताशी २०० किलोमीटर वेगानं जात असेल तर ते सेकंदाला ५५ मीटर कापतं. म्हणजे ते १०० मीटर संपायला दोन सेकंदही लागत नाहीत.

आणि दिसणं म्हणजे वाचणं नव्हे. समोरची वस्तू डोळ्यांना दिसणं, ती काय आहे हे कळणं, आपण तिच्यावर आदळणार हे उमगणं, डावीकडं की उजवीकडं हे ठरवणं, हात हलणं आणि मग विमानानं त्या हाताचं ऐकणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद धरावेत, असं अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं मार्गदर्शन आहे. साडेबारा सेकंदांत आपलं विमान जवळजवळ ७०० मीटर जातं. ७०० मीटरवरून स्पष्ट दिसायला तार वीतभर जाड हवी. अशी तार कुठल्याच खात्याकडं नाही.

मागच्या ईदेला पुतण्या घरी आला होता. शीरखुर्मा झाला, येणारे-जाणारे ओसरले. तो आजोबांच्या पायाशी बसून हेच गणित त्यांना सांगत होता. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं तुम्हांला मराठीत सांगतो. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तार बघतोस कशाला? तार दिसत नाही, खांब दिसतो. खांब बघ. एक खांब दिसला की दुसरा शोध. दोन खांबांच्या मध्ये तार आहेच, दिसो न दिसो."

पोरगा चमकला. म्हणाला, "दादाजान, आमचे सरही असंच सांगतात!"

जगभरच्या वैमानिकांना खरोखरच हे शिकवलं जातं. तार शोधू नका, तिच्या खुणा शोधा. खांब, मनोरे, झाडीतून सरळ कापत गेलेला पट्टा, खांबावरचे चिनी मातीचे चिमणे, एकाकी घर, रस्ता. अब्बांनी त्यात आपली भर घातली. "विहीर दिसली की मोटर आहे, मोटर आहे म्हणजे तार आहे." मराठवाड्यातल्या वैमानिकासाठी याहून उपयोगी वाक्य कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही.

मोठ्या मनोऱ्यांची आणखी एक खोड आहे. वीज वाहणाऱ्या जाड तारांच्या वर, मनोऱ्याच्या अगदी शेंड्यावरून, एक किंवा दोन बारीक तारा जातात. त्या वीज वाहत नाहीत. आभाळातली वीज पडली तर ती अंगावर घेऊन जमिनीत सोडायची, हे त्यांचं काम. त्यांना अर्थ वायर म्हणतात. जाडी साधारण एका सेंटिमीटरची. वैमानिकाला खालच्या जाड तारा दिसतात. तो त्या चुकवायला विमान वर घेतो आणि वरच्या, न दिसलेल्या बारीक तारेत जातो. म्हणून नियम असा की लाइन ओलांडायची ती मनोऱ्याच्या डोक्यावरून. दोन मनोऱ्यांच्या मधून नाही. मनोऱ्याहून उंच तार असूच शकत नाही.

आपल्या देशातली दोन उदाहरणं एकाच महिन्यातली आहेत. २७ ऑगस्ट २०१९ रोजी उत्तर प्रदेशात अलीगढजवळच्या धनीपूर धावपट्टीवर उतरताना एक खासगी विमान विजेच्या तारांना अडकून कोसळलं आणि पेटलं. आत सहा माणसं होती, सगळी वेळेवर बाहेर पडली. त्याच्या सहाच दिवस आधी, २१ ऑगस्टला, उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात पूरग्रस्तांना मदत देऊन परतणारं हेलिकॉप्टर तारेला धडकलं. ती विजेची तार नव्हती. डोंगरावरून सफरचंदं उतरवायला दरीवर ताणलेली ट्रॉलीची तार होती. तिघं गेले. दुसऱ्यांची घरं वाहून गेली म्हणून मदत द्यायला गेलेली माणसं होती ती. बागायतदाराची तार त्याच्या रोजच्या भाकरीची. दोष कुणाला द्यायचा?

आता तुम्हांला एक परदेशातली हकिगत सांगतो, कारण तिच्यात आमच्या अब्बांचं अर्धं आयुष्य आहे.

२७ नोव्हेंबर २०२२, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेत मेरीलँड राज्यात गेथर्सबर्ग नावाचं गाव आहे. न्यूयॉर्क राज्यातून एक लहान, एका इंजिनाचं विमान तिथल्या विमानतळावर उतरायला येत होतं. आत दोघं, दोघांचंही वय साठीच्या पुढचं. ढग खाली आलेले, धुकं, अंधार. विमान जितक्या उंचीवर असायला हवं होतं त्याहून खूप खाली आलं आणि विमानतळाजवळच्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यात घुसलं. आदळून खाली पडलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ते तिथंच, सुमारे १०० फुटांवर, मनोऱ्याच्या लोखंडात अडकून राहिलं. एखादा पतंग बाभळीत अडकतो तसं. ऐंशी हजारांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. दुसऱ्या दिवशी त्या परगण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आतली दोन्ही माणसं जिवंत होती. फोनवर बोलत होती. खाली बंब होते, शिड्या होत्या, प्रशिक्षित जवान होते. तरीही त्या दोघांना खाली आणायला मध्यरात्र उलटून गेली. जवळजवळ सात तास, जखमी अवस्थेत, थंडीत, लोंबकळत.

का? वीज बंद करायला सात तास लागतात का?

हा प्रश्न मी अब्बांना विचारला. ते म्हणाले, "बंद केलेली लाइन मेलेली नसते." बटण बंद केलं तरी लांबच लांब तारेत वीज साठून राहू शकते. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तर तिच्यामुळं या तारेत वीज उतरू शकते. पलीकडून कुणी चुकून चालू करू शकतं. म्हणून वायरमन लाइन बंद करून घेतो, परमिट हातात घेतो, आणि तरीही तारेला हात लावण्याआधी लांब काठीनं तिला जमिनीशी जोडतो. याला ते लाइन 'अर्थ करणं' म्हणतात. "अर्थ केल्याशिवाय आपल्या बापाच्या लाइनलाही हात लावायचा नाही," असं ते नव्या पोरांना सांगायचे. मेरीलँडमध्ये त्या रात्री नेमकं हेच झालं. तारा अर्थ केल्याशिवाय अग्निशामक दलाच्या जवानांना वर जाऊ दिलं नाही. मग ते अडकलेलं विमान आधी मनोऱ्याला बांधून घेतलं, आणि त्यानंतर एकेका माणसाला उतरवलं. खाली उभ्या असलेल्या कुणालातरी ते सात तास निष्ठुर वाटले असतील. पण त्यामुळंच दोघंही वाचले, आणि वाचवणाऱ्यांतलाही कुणी गेला नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तार लागली म्हणजे विमानातला माणूस विजेनं मरतो, असा आपला समज असतो. बहुधा तसं होत नाही. तारेवर चिमणी बसते तिला काही होत नाही, कारण तिचा जमिनीशी संबंध नसतो. हवेतलं विमानही तसंच. ते मोडतं ते धडकेनं. तार चाकाला, पंखाला, पंख्याला पकडते, वेग एकदम मरतो आणि विमान खाली येतं. दोन तारा एकमेकींना लागल्या तर ठिणग्या उडतात, इंधन पेटतं. विजेचा खरा धोका सुरू होतो तो विमान जमिनीला टेकल्यावर. तेव्हा चिमणीचा नियम संपतो.

उष्ण हवेच्या फुग्यांची गत याहून वाईट. त्यांना दिशाच देता येत नाही, वारा नेईल तिकडं जायचं. न्यूझीलंडमध्ये कार्टरटनजवळ ७ जानेवारी २०१२ रोजी असा फुगा विजेच्या तारांना लागला, अकरा जण गेले. अमेरिकेत टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ ३० जुलै २०१६ ला सोळा जण. यातले बहुतेक सुटीच्या दिवशी सूर्योदय बघायला गेलेले प्रवासी होते.

आता मी मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. आतापर्यंत मी तुम्हांला सांगितलं की तार दिसत नाही म्हणून अपघात होतो. हे अर्धंच खरं आहे.

ऑस्ट्रेलियात शेतं अफाट आहेत आणि विमानानं फवारणी सर्रास होते. तिथल्या परिवहन सुरक्षा यंत्रणेनं २००१ ते २०१० या दहा वर्षांतले तारांचे अपघात तपासले. निम्म्याहून जास्त फवारणीच्या विमानांचे होते. आणि त्यात त्यांना असं आढळलं की साठ टक्क्यांहून अधिक वैमानिकांना ती तार तिथं आहे हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी ती पाहिली होती. काम सुरू करण्याआधी शेतावरून घिरटी घालून ती हेरली होती. काहींनी त्याच तारेखालून किंवा वरून आधी कितीदा तरी विमान नेलं होतं. मग वारा बदलला, टाकीतलं औषध संपत आलं, शेताचा एक कोपरा राहून गेला, लक्ष तिकडं गेलं, आणि तेवढ्यात तार आली.

पुतण्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा खोलीत मी, तो आणि अब्बा एवढेच होतो. अब्बा काही बोलले नाहीत. आपला डावा हात मांडीवर ठेवून बघत बसले. त्या हाताची शेवटची दोन बोटं वाकत नाहीत. आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलो होतो की तार तुटून अंगावर आली होती. अम्मीही जाईपर्यंत तेच सांगायची.

"तार तुटली नव्हती," अब्बा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एका शेतात अकरा केव्हीच्या लाइनचं काम होतं. लाइन बंद घेतली होती, परमिट होतं, अर्थ केलं होतं. पण त्याच खांबावर खालच्या अंगानं दुसऱ्या डीपीवरून आलेली शेतीपंपाची लाइन होती, आणि ती चालू होती. "तो खांब मीच उभा केला होता. चढायच्या आधी मदतनिसाला मीच म्हणालो, खालची चालू आहे, ध्यानात ठेव. त्याला सांगितलं म्हणजे मलाही ठाऊक होतं की नाही?" दीड तास काम झालं. ऊन चढलं. खालून शेतकऱ्यानं विचारलं, किती वेळ लागेल, पाणी द्यायचं राहिलंय. अब्बांनी त्याला उत्तर देण्यासाठी मान वळवली आणि आधारासाठी हात खाली टेकवला. कमरेचा पट्टा होता म्हणून लटकले, पडले नाहीत.

"तुटलेल्या तारेचं सांगितलं म्हणजे कुणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "ठाऊक असलेल्या तारेला हात लावला, हे कसं सांगायचं?"

पन्नास वर्षं एका माणसानं ही गोष्ट पोटात ठेवली. मला राग आला नाही. पण एक लक्षात आलं. आपण अपघाताची चौकशी करताना 'ठाऊक नव्हतं' हे कारण चटकन मान्य करतो आणि 'ठाऊक होतं, पण विसरलो' असं कुणी म्हणालं तर त्याला निष्काळजी ठरवतो. म्हणून माणसं खरं सांगत नाहीत, आणि खरं कळलं नाही की पुढच्याला त्यातून शिकता येत नाही. विसरणं हा डोक्याचा स्वभाव आहे. आठवण ठेव म्हणून दम भरल्यानं तो बदलत नाही. आठवण करून देणारं काहीतरी बाहेर, डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

जगभर तेच करायचा प्रयत्न चालतो. नदीवरून, दरीवरून, विमानतळाजवळून जाणाऱ्या तारांवर नारिंगी, पांढरे, लाल गोळे लावलेले तुम्ही पाहिले असतील. ते शोभेचे नाहीत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं असा गोळा निदान ६० सेंटिमीटर व्यासाचा हवा. मघाचं गणित आठवा. ३ सेंटिमीटरची तार १०० मीटरवरून दिसते, तर हा गोळा त्याच्या वीसपट अंतरावरून. साडेबारा सेकंद सहज मिळतात. उंच मनोऱ्यांना लाल-पांढरे पट्टे असतात, रात्री दिवे असतात. १९७० च्या दशकात कॅनडात हेलिकॉप्टरसाठी एक युक्ती निघाली. छपरावर आणि पोटाखाली पोलादी कात्र्या बसवायच्या, तार समोरून आली की ती घसरत कात्रीत जाते आणि कापली जाते. अनेकांचे प्राण त्यानं वाचले. पण तार समोरूनच आली पाहिजे आणि वेगही पुरेसा हवा. विमानातल्या नकाशांत आता मोठे मनोरे असतात. विहिरीवरचा खांब मात्र त्यात नसतो. त्यासाठी उतरण्याआधी आणि काम सुरू करण्याआधी गावातल्या माणसालाच विचारावं लागतं.

माणसाला निदान विचारता येतं. पक्ष्यांना तेही नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तो माळढोक जड पक्षी. उडताना त्याची नजर खाली आणि बाजूंना असते, समोरचं त्याला नीट दिसत नाही. राजस्थानात तो विजेच्या तारांना धडकून मरतो, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयानं त्याच्या अधिवासातल्या तारांबाबत आदेश दिले. तारांवर फिरत्या, चमकणाऱ्या चकत्या लावणं हा त्यातला एक उपाय. विमानासाठी गोळा, पक्ष्यासाठी चकती. दोन्ही सांगतात, इथं तार आहे.

आणि आता आपल्या शेतांवर ड्रोन आले आहेत. महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची केंद्र सरकारची योजना २०२३ मध्ये आली. ड्रोन म्हणजे बिनमाणसाचं लहान विमानच. ऑस्ट्रेलियातल्या वैमानिकांना जी गोष्ट नडली तीच आपल्या ताई-भाऊंनाही नडू शकते, कारण शेत आपलंच, तार रोज बघितलेली. म्हणून उडवण्याआधी बांधावरून एक फेरी पायी मारावी, खांब मोजावेत, आणि एक माणूस फक्त तारेकडं बघायला उभा करावा. त्याला दुसरं काम देऊ नये, त्याच्याशी बोलूही नये. ड्रोन तारेत अडकला तर बांबूनं काढायला जाऊ नये.

आणि कधी तुमच्या शिवारात विमान किंवा हेलिकॉप्टर तारांत येऊन पडलं, तर पळत जाऊ नका. आपल्याकडं माणुसकीनं लोक धावतात, आणि तिथंच दुसरा अपघात होतो. लांब थांबा, इतरांना थांबवा. ११२ ला आणि विजेच्या तक्रारीच्या १९१२ या क्रमांकाला फोन करा. आतल्या माणसाला ओरडून सांगा, आग नसेल तर आतच थांब. आग लागलीच तर दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, विमानाला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि मग पाय न उचलता घासत-घासत दूर जायचं. लाइन बंद झाली असं कुणी सांगितलं तरी अर्थ झाल्याशिवाय जवळ जायचं नाही.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या परत गेला. निघताना भावजयीनं त्याच्या दंडाला इमाम-ए-जामिन बांधला, त्यात सव्वा रुपया ठेवला. अब्बांनी त्याला जवळ बोलावलं आणि आपला डावा हात त्याच्या हातात दिला. त्या न वाकणाऱ्या बोटांना हात लावून बघ म्हणाले. बस एवढंच.

आता तो दर रविवारी फोन करतो. अम्मी, अब्बू, चाचा अशी सगळ्यांची विचारपूस झाली की फोन आजोबांकडं जातो. ब्याऐंशी वर्षांचे माझे वडील कानाला फोन लावून, नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारतात, "या आठवड्यात कुठं-कुठं उतरलास? किती खांब होते?"

आणि तो आकडा सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)